भेगा न पडता वाळलेले जेल

मार्च-एप्रिलमध्ये मोहोळहून सोलापूरकडे किंवा सीनेकाठच्या गावांकडे जाताना रस्त्यालगतची शेते पाहावीत. रब्बीची ज्वारी निघालेली असते आणि काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. काही भेगांत अख्खा हात जातो. हीच जमीन सप्टेंबरमध्ये फुगलेली, चिकट आणि सलग होती. पाणी गेले आणि जमीन फाटली.

विद्यार्थ्यांना विचारले, "भेगा का पडतात?" तर उत्तर मिळते, "पाणी आटले म्हणून." उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. वाळूतूनही पाणी आटते, पण वाळूला भेगा पडत नाहीत. स्पंज वाळतो, पण फाटत नाही. मग काळ्या मातीतच असे काय आहे?

या साध्या प्रश्नामागे जे बल आहे, त्याच बलाशी गेली नव्वदहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ झुंजत आले आहेत. त्या झुंजीतून एक अद्भुत पदार्थ जन्माला आला. त्याच्या आकारमानाचा ९५ ते ९९ टक्के भाग नुसती हवा असते आणि तरीही तो घन असतो. त्याचे नाव एरोजेल. हा पदार्थ आणि त्याच्या नव्या जाती समजून घेण्यासाठी आपण शेतातून आणि स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू.

जेल म्हणजे काय?

'जेल' म्हटले की वर्गात हसू पिकणारच. ते पिकू द्यावे, कारण इथेही कैद आहेच. जेलमध्ये द्रव कैदेत असतो.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, त्यामुळे ते गव्हाच्या कणकेसारखे ताणले जात नाही. म्हणून भाकरी करताना पिठात उकळते पाणी ओततात. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातील स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांतील लांब रेणू बाहेर पडून एकमेकांत गुंततात आणि पाणी त्या जाळ्यात अडकते. पिठाला चिकटपणा येतो तो या जेलमुळे. आपल्याकडची आवडती ज्वारी मालदांडी. तिचा 'मालदांडी ३५-१' हा प्रसिद्ध वाण स्वातंत्र्यपूर्व काळात मोहोळच्याच संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. तेव्हा भाकरीच्या जेलपासून आरंभ करण्याचा मोहोळकरांना थोडा जास्तच हक्क आहे.

थोडक्यात, जेल म्हणजे घन पदार्थाचे अतिसूक्ष्म, सलग जाळे आणि त्यात भरलेला द्रव. चायना ग्रासच्या वडीत ९८ टक्के पाणी असू शकते, तरीही ती वडी सुरीने कापता येते. पाण्याला वाहू न देणारे जाळे केवळ २ टक्के असते.

काळी मातीही याच कुळातली. तिच्यातील स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीचे कण पानांच्या चळतीसारखे असतात आणि एकेका पानाची जाडी सुमारे १ नॅनोमीटर असते. १ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाणी या पानांमध्ये शिरते आणि माती फुगते. वाळताना ते निघून जाते आणि पाने पुन्हा जवळ येतात. म्हणजे काळी माती हे निसर्गाने केलेले नॅनोकणांचे जेलच म्हणावे लागेल.

वाळताना ओढणारे हात

आता भेगांकडे वळू. बारीक छिद्रातील पाण्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र असतो. पृष्ठताणामुळे हा वक्र पृष्ठभाग छिद्राच्या भिंतींना आत ओढतो. ही ओढ किती, याचे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते:

दाब = २ × पृष्ठताण ÷ छिद्राची त्रिज्या

(पाणी भिंतीला पूर्ण ओले करते, असे येथे धरले आहे.)

पाण्याचा पृष्ठताण आहे ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. फळ्यावर तीन उदाहरणे सोडवून घ्यावीत.

छिद्राची त्रिज्या १ मिलिमीटर असेल, तर दाब येतो फक्त १४४ पास्कल, म्हणजे नगण्य. वाळूची छिद्रे आणि स्पंजची छिद्रे या बाजूची आहेत.

त्रिज्या ०.१ मायक्रोमीटर असेल, तर दाब येतो सुमारे १४ लाख पास्कल, म्हणजे १४ वातावरण. या आकड्याशी जरा थांबावे. मातीने पाणी साधारण १५ वातावरणाच्या ओढीने धरून ठेवले की बहुतेक पिकांच्या मुळांना ते ओढून घेता येत नाही आणि पीक सुकते. म्हणूनच काळ्या मातीत ओल दिसते, पण पीक मात्र माना टाकते. यापेक्षा बारीक छिद्रांतले पाणी मुळांच्या आवाक्याबाहेरचे असते.

त्रिज्या १० नॅनोमीटर असेल, तर दाब येतो १ कोटी ४४ लाख पास्कल, म्हणजे सुमारे १४२ वातावरण. दीड किलोमीटर खोल पाण्याखाली जेवढा दाब असतो, तेवढा हा झाला. एवढ्या ओढीपुढे जेलचे नाजूक जाळे टिकेल कसे? ते दबते आणि आक्रसते. सगळीकडे सारखे आक्रसता आले नाही, की फाटते.

शेतात याची किंमत मोजावी लागते. भेगा रुंदावताना ज्वारीची मुळे तुटतात आणि उघड्या पडलेल्या भिंतींतून खालची ओल उडून जाते. शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतो, ती यासाठी. कोळप्याने वर आणलेल्या भुसभुशीत मातीत छिद्रे मोठी असतात. खालचे पाणी त्यांतून सहज वर चढू शकत नाही. हे सूत्र आपल्या आजोबांनी फळ्यावर पाहिले नसेल, पण रानात नक्की वापरले.

किस्लरची युक्ती

प्रयोगशाळेतही हेच घडे. सिलिकाचे जेल उघड्यावर वाळवले की त्याचा कितीतरी लहान, कठीण तुकडा उरतो. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या पिशवीत ओल शोषण्यासाठी ठेवलेल्या पुडीतील सिलिका जेलचे मणी, ते हेच.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅम्युअल किस्लर या शास्त्रज्ञाने प्रश्न उलटा विचारला. जेलमधील द्रव काढून त्या जागी हवा भरता येईल का, आणि तेही जाळ्याला कळू न देता? ओढ निर्माण होते ती द्रव आणि वायू यांच्या सीमेवरच्या पृष्ठभागामुळे. तो पृष्ठभागच निर्माण होऊ दिला नाही तर?

प्रत्येक द्रवाला एक क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाब असतो. त्यांच्यापलीकडे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. भेद नाही म्हणून सीमा नाही, सीमा नाही म्हणून पृष्ठताण नाही, आणि पृष्ठताण शून्य झाला की वरच्या सूत्रातील दाबही शून्य. पाण्यासाठी हा बिंदू ३७४ अंश सेल्सिअस आणि २१८ वातावरण इतका चढा आहे आणि त्या अवस्थेतील पाणी सिलिकालाच विरघळवते. म्हणून किस्लरने जेलमधील पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल आणले, मग ते बंद पात्रात क्रांतिक बिंदूपलीकडे तापवले आणि वायू हळूहळू सोडून दिला. १९३१ साली त्याने 'नेचर' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध केले. सिलिकाच नव्हे, तर ॲल्युमिना, आयर्न ऑक्साइड, सेल्युलोज, जिलेटिन, अगर, इतकेच काय अंड्याच्या पांढऱ्या भागापासूनही त्याने एरोजेल बनवले.

आज यासाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड वापरतात. त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरण आहे. पेट घेण्याचा धोका त्यात नसतो.

हवेपेक्षाही वाईट वाहक

सिलिका एरोजेल निळसर, अर्धपारदर्शक दिसते. म्हणून त्याला 'गोठलेला धूर' असे टोपणनाव पडले. ते उष्णतेचे अतिशय वाईट वाहक आहे. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ एकक (वॅट प्रति मीटर केल्व्हिन) आहे, तर चांगल्या एरोजेलची ०.०१५ च्या आसपास. एरोजेलमध्ये बहुतांश हवाच आहे. मग ते हवेहूनही वाईट वाहक कसे?

सोलापुरी चादर आठवा. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा आपल्याला ऊब देते, कारण अडकलेली हवा वाहू शकत नाही. पण त्या हवेचे रेणू एकमेकांवर आदळून उष्णता पुढे देतच राहतात. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरी सुमारे ७० नॅनोमीटर अंतर जातो. एरोजेलची छिद्रे साधारण २० ते ५० नॅनोमीटरची. म्हणजे रेणूला दुसरा रेणू भेटण्याआधी भिंत भेटते. निरोप देणारा आहे, पण निरोप घेणाऱ्यापर्यंत तो पोचतच नाही.

मोहोळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. उष्णतेला सारखाच अडथळा व्हावा म्हणून एरोजेलची चटई (वाहकता सुमारे ०.०१८) १ सेंटिमीटर लागत असेल, तर थर्मोकोल सुमारे २ सेंटिमीटर आणि विटांची भिंत सुमारे ३९ सेंटिमीटर लागेल. मात्र एरोजेल अजून महाग आहे. पत्र्यावर पांढरा चुना लावून ऊन परतवणे, हा आजही स्वस्त आणि चांगला उपाय आहे. एरोजेलची जागा आहे ती जिथे जाडीला वाव नाही तिथे: वाफेच्या नळांभोवती, शीतपेट्यांत, अवकाशयानांत. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या 'सोजर्नर' या छोट्या गाडीला थंडीपासून वाचवण्यासाठी एरोजेल वापरले होते. 'स्टारडस्ट' यानाने २००४ साली 'वाइल्ड २' या धूमकेतूजवळून जाताना सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने येणारे धूलिकण एरोजेलमध्ये झेलले आणि २००६ साली ते पृथ्वीवर आणले.

कोल्हापूरची 'एअर ग्लास' प्रयोगशाळा

आपल्या भागातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात 'एअर ग्लास लॅबोरेटरी' या नावाची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे प्रा. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे एरोजेलवर संशोधन केले. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली होती.

त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. साधे सिलिका एरोजेल काचेसारखे ठिसूळ असते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असल्याने ते हवेतील ओल पिते. ओल शिरली की पुन्हा तेच पृष्ठताणाचे हात आणि पुन्हा जाळ्याची मोडतोड.

सिलिकॉनच्या अणूला चार हात असतात. नेहमीच्या सिलिकात चारही हात ऑक्सिजनमार्फत शेजाऱ्यांना घट्ट धरतात. कोल्हापूरच्या गटाने मेथिलट्रायमेथॉक्सिसिलेन हे द्रव्य वापरले. त्यात चारांपैकी एका हाताला मेथिल गट कायमचा चिकटलेला असतो. उरलेले तीनच हात जाळे विणतात. त्यामुळे वीण सैल होते आणि मेथिल गट पाण्याला दूर ठेवतात. या पदार्थावर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहतो. त्याचा स्पर्शकोन १५० अंशांहून अधिक असतो. अळूच्या पानावरचा थेंब आठवावा. हे एरोजेल वाकवले तरी तुटत नाही. जपान व फ्रान्समधील सहकाऱ्यांसह या लवचीक एरोजेलचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला.

याच गटाचे दुसरे काम खर्चाशी संबंधित होते. महागड्या द्रव्यांऐवजी स्वस्त सोडियम सिलिकेट घ्यायचे आणि उच्च दाबाच्या पात्राशिवाय नेहमीच्या दाबालाच जेल वाळवायचे. ही वाट जगात इतरत्र १९९० च्या दशकात खुली झाली होती. तिची युक्ती अशी: जेलमधील पाण्याच्या जागी कमी पृष्ठताणाचा द्रव आणायचा आणि हायड्रॉक्सिल गटांवर मेथिल गटांची टोपी चढवायची. वाळताना जेल दबते खरे, पण दबलेल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. द्रव संपला की दाबलेल्या स्प्रिंगसारखे ते जाळे पुन्हा उसळून जवळपास मूळ आकाराला येते.

भाजलेल्या विटांची भिंत

आतापर्यंतच्या पद्धतीत कण तयार होणे आणि कणांचे जाळे होणे, या गोष्टी एकामागोमाग एकाच भांड्यात घडतात. सिलिकाला ते चालते. पण सगळ्याच पदार्थांना चालत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण त्यासाठी तो स्फटिकरूप असणे हिताचे असते. जेल मात्र बहुधा अस्फटिक तयार होते. स्फटिक व्हावेत म्हणून ते तापवावे, तर छिद्रेच मिटतात.

मातीची ओली भिंत उभारून मग ती जागेवर भाजायला गेलो, तर ती तडकेल. म्हणून आपण आधी विटा भाजतो आणि मग भिंत बांधतो. नव्या पद्धतीत हेच करतात. आधी हव्या त्या पदार्थाचे, हव्या त्या आकाराचे स्फटिकरूप नॅनोकण तयार करायचे आणि मग त्यांना जोडून जेल बनवायचे.

पण जोडायचे कसे? द्रवात तरंगणारे नॅनोकण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती रेणूंचे कवच किंवा विद्युतभार असतो. जत्रेत प्रत्येक मुलाच्या दोन्ही हातांत फुगे असतील, तर मुले एकमेकांचे हात धरू शकत नाहीत. सगळ्यांचे फुगे एकदम काढून घेतले, तर गर्दीचा एकच घोळका होतो. रसायनशास्त्रात याला गाळ बसणे म्हणतात. पण फुगे हळूहळू, एकेक करून काढले, तर ज्याचा हात मोकळा झाला तो शेजाऱ्याला धरतो. साखळ्या होतात, साखळ्यांना फाटे फुटतात आणि पाहता पाहता सारे मैदान व्यापणारे विरळ जाळे तयार होते. ते जेल.

कवच किती, कसे आणि किती वेगाने काढायचे, यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेतील स्टेफनी ब्रॉक यांच्या गटाने २००५ साली 'सायन्स'मध्ये कॅडमियम सल्फाइड, कॅडमियम सेलेनाइड यांसारख्या अर्धवाहकांची एरोजेले प्रसिद्ध केली. कणांवरील गंधकयुक्त रेणूंचे कवच ऑक्सिडीकरणाने थोडेथोडे उतरवले की कण जोडले जात. महत्त्वाचे म्हणजे जोडले गेल्यावरही एकेका नॅनोकणाचे आकारावर अवलंबून असणारे प्रकाशीय गुण बऱ्याच अंशी टिकले. (कॅडमियम विषारी आहे. हे काम सुसज्ज प्रयोगशाळेतच करायचे.) २००९ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गटाने सोने, चांदी, प्लॅटिनम यांच्या नॅनोकणांपासून एरोजेले बनवली. झुरिकच्या मार्कुस निडरबर्गर यांच्या गटाने २०११ साली टायटॅनियम डायऑक्साइड आणि सोने यांचे कण एकाच जाळ्यात विणले. दोन जातींच्या विटा, एक भिंत.

याचा फायदा एका हिशेबातून दिसेल. गोलाकार कणांचे प्रति ग्रॅम पृष्ठफळ = ६ ÷ (घनता × व्यास). सिलिकाची घनता २.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि कणाचा व्यास ४ नॅनोमीटर धरला, तर १ ग्रॅममागे सुमारे ६८० चौरस मीटर पृष्ठफळ मिळते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर पदार्थात पाच मैदाने! जी क्रिया पृष्ठभागावर घडते, मग ती उत्प्रेरणाची असो, वायू ओळखण्याची असो किंवा विद्युतभार साठवण्याची, तिला एवढी जागा मोकळी मिळते. सुटी पूड घेतली तर कण गोळा होऊन ही जागा झाकली जाते. जाळ्यात मात्र प्रत्येक कणापर्यंत वाट खुली राहते आणि कण जोडलेले असल्याने वीजही वाहू शकते.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. एका ताटलीत काळ्या मातीचा मऊ चिखल आणि दुसरीत मुरमाड मातीचा चिखल सारख्या जाडीने पसरा. दोन्हींवर काडीने १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सावलीत पूर्ण वाळल्यावर रेघ पुन्हा मोजा. भेगा आल्या असतील तर त्यांची रुंदी वजा करा. कोणती माती किती टक्के आक्रसली?

२. २ ग्रॅम चायना ग्रास १०० मिलिलिटर पाण्यात उकळून विरघळवा व थंड करा. २ सेंटिमीटरच्या वड्या कापा. एक वडी उन्हात वाळवा. दुसरी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात गोठवा, सकाळी वितळू द्या, पाणी निथळू द्या आणि मग वाळवा. पहिलीचा पातळ, कडक पापुद्रा होईल. दुसरी स्पंजासारखी होईल आणि तिचा आकार पहिलीपेक्षा बराच टिकेल.

दुसऱ्या वडीचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. इशारा एवढाच: बर्फाचे स्फटिक वाढताना जाळ्यात मोठाल्या वाटा पाडतात. आता वरचे सूत्र पाहा. त्रिज्या वाढली की ओढीचे काय होते?

हे उत्तर ज्याला सापडले, त्याला किस्लरची युक्ती, कोल्हापूरची टोपी आणि शेतातली कोळपणी या तिन्हींचे मर्म एकदमच सापडेल. एकाने पृष्ठताण नाहीसा केला, दुसऱ्याने भिंतींचा स्वभाव बदलला, तिसऱ्याने छिद्र मोठे केले. पुढच्या वेळी भेगाळलेल्या रानातून जाताना विद्यार्थ्यांना थांबवून विचारा: "ही भेग बुजवायची तर सूत्रातली कोणती राशी बदलाल?"